डाव्या तर्जनीवरचा बिब्बा

माझ्या डाव्या हाताच्या तर्जनीवर, नखाच्या मुळाशी असलेला काळा डाग आता नखाबरोबर वर सरकू लागला आहे. महिन्या-दीड महिन्यात तो नखासकट कापून टाकता येईल. त्याआधी खानदेशातल्या दौऱ्याची हकीकत लिहून काढावी म्हणून बसलो आहे. पुरावा बोटावर असताना माणूस त्यातल्या त्यात खरं लिहितो, असा माझा माझ्याबद्दलचा अनुभव आहे.

मी साताऱ्याच्या एका शाळेत भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवतो. यंदा दुसरी सार्वत्रिक निवडणूक आली, तेव्हा आमच्या लोकशिक्षण मंडळाने ठरवलं की प्रत्येक सभासदाने एका दूरच्या भागात जाऊन लोकांना मतदानाचं महत्त्व पटवावं. दूरच्याच का, हे कुणी विचारलं नाही. जवळचे लोक आम्हाला ओळखत होते, हे कारण असावं. माझ्या वाट्याला पूर्व आणि पश्चिम खानदेश आले. सौ. म्हणाली, "वर्गातली चाळीस मुलं तुमचं ऐकत नाहीत, तिथे दोन जिल्हे कसे ऐकतील?" मी म्हणालो, "मुलांना मताधिकार नसतो." हे उत्तर मला तेव्हा बिनतोड वाटलं होतं.

जळगाव

जळगावला उतरलो तेव्हा पहाटेची थंडी होती म्हणून कोट घातला. दहा वाजता तो काढला, बाराला टोपी काढली आणि दोन वाजता इथे माणसं उन्हाळ्यात काय करत असतील, असं एकाला विचारलं. "हा हिवाळा आहे," तो म्हणाला.

तिथल्या एका संस्थेच्या चिटणीसांच्या घरी पहिलं जेवण झालं ते भरिताचं. आमच्याकडे भरीत म्हणजे पानाच्या डाव्या बाजूला चमचाभर वाढायची गोष्ट. इथे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजलेल्या मोठ्या हिरव्या वांग्यांचं भरीत परातीत येतं, आणि बाकीचं सगळं डाव्या बाजूला जातं. सोबत कळण्याची भाकरी. ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची ही काळसर भाकरी पाहून मी आधी जपूनच तुकडा मोडला. मग तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि संध्याकाळच्या माझ्या पहिल्या व्याख्यानाला अर्धा तास उशिरा पोचलो. श्रोते त्याहून उशिरा आले, म्हणून कुणाला कळलं नाही.

पहूर

खरं व्याख्यान झालं ते पहूरला, बाजाराच्या दिवशी. मी पुन्हा कोट चढवला. नागरिकाचं कर्तव्य, विधानसभेचे अधिकार, लोकल बोर्डापासून दिल्लीपर्यंत चढत जाणाऱ्या पायऱ्या, असं सगळं सव्वा तास सांगितलं. माणसं शांत बसून होती. इतकी शांतता मला वर्गात कधी मिळालेली नाही, त्यामुळे मी आणखी पंधरा मिनिटं वाढवली.

सभा संपल्यावर केळीचे एक मोठे बागाईतदार पुढे आले. सगळे त्यांना आबा म्हणत होते. त्यांनी माझा हात हातात घेतला.

"छान बोलले. निशाणी कोणती तुमची?"

"माझी निशाणी नाही. मी उमेदवार नाही."

आबांनी मागे वळून लोकांकडे पाहिलं. "मग एवढं बोलले कशासाठी?"

मी पुन्हा कर्तव्यावर आलो. आबांनी ते ऐकून घेतलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे बघा, राग मानू नका. मत द्यायचं हे आम्हाला मागल्या खेपेपासून ठाऊक आहे. ज्याला ठाऊक नाही, त्याला हे भाषण कळायचं नाही. त्याला करून दाखवा." एवढं बोलून त्यांनी केळ्यांची एक भलीमोठी फणी माझ्या हातात दिली. कोट, टोपी, पिशवी आणि ती फणी सांभाळत मी मुक्कामावर आलो. दीड तासाच्या बोलण्यातून जे मला कुणाला देता आलं नाही, ते आबांनी चार वाक्यांत मला दिलं होतं, हे कबूल करायला मला रात्र लागली.

दुसऱ्या दिवशी आबांच्याच खळ्यात मी तयारी केली. या निवडणुकीतही प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याची निशाणी, आणि पडद्याआड जाऊन आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. मी रॉकेलचे तीन रिकामे डबे घेतले, वरून फट पाडली आणि त्यांवर निशाण्या रंगवल्या. कोणत्याही पक्षाची बाजू नको म्हणून वांगं, केळं आणि मिरची. माझं वांगं पाहून आबांनी विचारलं, "हा हंडा का?"

दोंडाईचा

गाडीत माझ्या पिशवीत शाईची दौत फुटली. मतदारांच्या बोटाला लावायची शाई माझ्या दोन्ही धोतरांनी आणि एका सदऱ्याने पिऊन टाकली. दोंडाईच्याला उतरलो तो निळ्या धोतरातच, आणि ते कुठल्या पक्षाच्या निशाणाचं वगैरे असावं अशा नजरेने लोक पाहत होते.

दोंडाईचा ही मिरचीची पेठ. एका व्यापाऱ्याच्या वखारीसमोर मी डबे मांडले आणि तोंड उघडलं, तोच आत कुणीतरी मिरचीचा ढीग उपसला. त्यापुढचं माझं भाषण शिंकांचं झालं. समोरचे लोक मात्र आरामात उभे होते. एक हमाल दुसऱ्याला म्हणाला, "पाहुणा नवा शे." लोकशाहीविषयी दोंडाईच्याला मी काय सांगितलं, ते दोंडाईच्याने सांगावं.

तिथेच मला सुपडूनाना भेटले. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्याचे ते कारभारी. गाडी घेऊन बाजाराला आले होते. "आमना पाडावर कोनीच येत नही," ते म्हणाले. "तुम्ही चला." गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही. तिथल्या माणसांनी माझी अब्रू राखली, निदान त्यांचा पत्ता तरी मी राखावा.

सातपुड्याच्या पायथ्याशी

तापी पायउतार होती. गाडी पाण्यातून गेली, मी डबे डोक्यावर धरून बसलो. पलीकडे आधी कपाशीची काळी रानं, मग हळूहळू मुरूम, पळसाची झाडं आणि समोर निळसर डोंगर. कृष्णेकाठच्या उसात वाढलेल्या माझ्यासारख्याला हा मुलूख आधी ओसाड वाटला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पावसाच्या पाण्यावरचा हरभरा उभा होता, आणि त्या ओसाड रानातून बायका डिंक, बोरं, बिब्बे असं काय काय टोपलीभर घेऊन येत होत्या.

सुपडूनानांच्या घरात त्यांची विधवा भावजय होती. सगळा पाडा तिला अक्का म्हणायचा. साठीची, उंच, बोलायला हळू. मी डबे मांडले तेव्हा सगळ्यांत आधी तीच येऊन बसली.

"माले हाई शिकनं शे," ती म्हणाली.

का ते तिने मग सांगितलं. पाच वर्षांपूर्वी याद्या करणारा माणूस पाड्यावर आला होता. नवऱ्याचं नाव ती घेणार नाही, आणि परक्या पुरुषासमोर स्वतःचं नाव सांगायची पद्धत नव्हती. त्याने लिहिलं, 'सुपडूची भावजय'. मतदानाच्या दिवशी ती चालत शेजारच्या गावी गेली, तर तिथल्या माणसाने सांगितलं की असली नावं यादीतून काढून टाकली आहेत.

"तो म्हने, हाई काय नाव नही," अक्का म्हणाली. "बठ्ठा गावले नाव शे. मालेच नही." या खेपेला तिने त्या गावच्या शाळेच्या गुरुजींना गाठून स्वतः नाव सांगितलं होतं आणि यादीत ते आल्याचं दोनदा विचारून घेतलं होतं. आता फक्त त्या माणसांसमोर ते मोठ्याने म्हणता यावं, एवढीच तिला धास्ती होती.

नागरिकशास्त्र शिकवताना मी 'मताधिकार' हा शब्द किती वेळा फळ्यावर लिहिला असेल. तो कुणाला इतका हवा असू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. मी ठरवलं की ही तालीम अगदी खऱ्यासारखी करायची.

आणि मी ती केली. नानांच्या अंगणातल्या मंडपात चादरीचा पडदा लावला. मी टेबलाशी यादी घेऊन बसलो. प्रश्न ठेवला: पाहुण्याला आज जेवायला काय घालायचं? वांगं, केळं की मिरची? प्रत्येकाने येऊन नाव सांगायचं, मी यादीत लिहिणार, चिठ्ठी देणार. शिवाय तीन-तीनदा बजावलं की बोटाला खूण झाली की पुन्हा मत द्यायचं नाही, दोनदा मत देणाऱ्याला तुरुंग आहे. यावर नानांनी सगळ्यांना पुन्हा एकदा दम भरला.

अडचण एकच होती. शाई माझ्या धोतरात होती. तेव्हा अक्का उठली आणि बिब्बा घेऊन आली. "हाऊ जात नही," ती म्हणाली. टाचेत काटा गेला की ही माणसं बिब्बा तापवून लावतात, त्यामुळे कुणाला त्याचं काही वाटलं नाही. मला फार आनंद झाला. सरकारी शाईपेक्षा पक्की शाई, तीही रानातली, फुकटची. पहिली खूण मी माझ्याच बोटावर करून घेतली. अक्काने सुईच्या टोकाने ठिपका दिला. मग पन्नास-साठ माणसांच्या डाव्या तर्जनीवर तसेच ठिपके पडले.

अक्काची पाळी आली. मी विचारलं, "नाव?" ती जमिनीकडे पाहत राहिली. मग तिने मान वर करून सांगितलं, "जमनाबाई." मी ते मोठ्या अक्षरात यादीत लिहिलं. तिने वाकून ते पाहिलं, वाचता येत नसताना बराच वेळ पाहिलं.

निकालात मिरचीचा दणदणीत विजय झाला. पडद्यामागून बायकांचं हसू ऐकू येत होतं तेव्हाच मला शंका यायला हवी होती. निकाल तातडीने अमलात आला. ज्वारीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, वर शेंगदाण्याचं तेल. सगळा पाडा मला जेवताना बघायला जमला होता. लोकमताचा मान राखायचा म्हणून मी तो सगळा खाल्ला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्याचा अर्थ काही वृद्धांनी लोकशाहीविषयीची भावना असा घेतला असावा.

दुसऱ्या दिवशी माझं बोट सुजलं. बिब्बा पाड्यावर कुणाला उतला नाही, मला तेवढा उतला. अक्काने तीळ वाटून त्यावर बांधले. "शहरनं बोट," ती म्हणाली.

धुळे

पुढचे आठ दिवस मी धुळ्यात राहून आसपासची गावं केली. बोटाला पट्टी होती. लोक विचारायचे काय लागलं, आणि मी जरा अभिमानाने सांगायचो की मतदानाच्या कामात लागलं. तिथूनच मंडळाला अहवाल पाठवला. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे: 'या पाड्यावर मतदानाची तयारी इतकी पूर्ण झाली आहे, की प्रत्यक्ष मतदान ही आता केवळ औपचारिकता उरली आहे.' पुढे कळलं, की हे त्या अहवालातलं एकमेव खरं वाक्य होतं.

मतदानाचा दिवस

माझ्या कामाचं फळ पाहावं म्हणून मी मतदानाच्या सकाळी पाड्याशेजारच्या गावी, शाळेतल्या केंद्रावर गेलो. गुरुजी बाहेरच भेटले. आसपासच्या वाड्यांची रांग लागली होती. आमच्या पाड्याचा एकही माणूस नव्हता. दहा वाजले, अकरा वाजले. मी निघालो तो जवळजवळ धावतच.

पाड्यावर सगळे शेतात होते. अक्का आणि बायका हरभरा उपटत होत्या. मला पाहून त्यांना आनंद झाला.

"अक्का, मत द्यायला आला नाहीत?"

अक्काने तर्जनी वर केली. "दिधं ना भाऊ. तुनासमोरच दिधं."

मी घाईने म्हणालो, "ती तालीम होती. ते खरं नव्हतं."

सुपडूनाना बांधावरून आले. "खरं नही कसं? निकाल लागना. मिरची तुम्ही खाई लिधी."

"आनि दोनदाव दिधं ते जेल," मागून एक बाई म्हणाली. "हाई तुम्हीच सांगं ना, मास्तर."

मी एकेक करून सगळं समजावलं. तालीम कशाला म्हणतात, खरी पेटी कुठे असते. नानांना ते पटत गेलं तसा त्यांचा चेहरा उतरला. अक्का मात्र वेगळ्याच गोष्टीपाशी थांबली होती.

"मंग मनं नाव?" ती म्हणाली. "तू लिखं ते? तेबी खोटं?"

मला त्या क्षणी इतकी लाज वाटली, की खाली बसावंसं वाटलं. पाच वर्षं जी बाई एका नावासाठी थांबली, तिला मी तेच नाव खेळण्यातल्या यादीत लिहून परत पाठवलं होतं. मी म्हणालो, "तुमचं नाव शाळेतल्या यादीत आहे, अक्का. खऱ्या यादीत. चला."

तिने पुन्हा बोटाकडे पाहिलं. "आनि हाई बोट आते कोन मानी?" तरी ती हातातला हरभरा ठेवून उठली, आणि तिच्यामागे सगळा पाडा निघाला.

केंद्राध्यक्ष धुळ्याकडच्या एका कचेरीतले पोक्त कारकून होते. पन्नास-साठ माणसांच्या बोटांवर एकसारखी खूण पाहून त्यांनी चष्मा काढून पुसला. मग नियम वाचून दाखवला: बोटावर खूण असेल त्याला मतपत्रिका देऊ नये. मी माझं बोट पुढे केलं आणि सगळी हकीकत सांगितली. ते ऐकत होते आणि त्यांचा चेहरा हसावं की रागवावं हे ठरवू शकत नव्हता.

"शिक्षक ना तुम्ही?"

"हो."

"कशाचे?"

"नागरिकशास्त्राचे," मी म्हणालो. इतक्या हळू आवाजात मी आजवर काही सांगितलेलं नाही.

त्यांनी मला कागद दिला. त्यावर मी, अमुक अमुक, राहणार सातारा, याने स्वतःच्या अकलेने बनावट मतदान घडवून आणून मतदारांच्या बोटांना बिब्बा लावला, असा कबुलीजबाब लिहून सही केली. गुरुजींनी साक्ष घातली. केंद्राध्यक्षांनी यादी तपासली, पाड्यातल्या एकाही नावापुढे खूण नव्हती. उमेदवारांचे प्रतिनिधी सकाळपासून एकमेकांचं तोंड पाहत नव्हते; माझ्या मूर्खपणावर मात्र त्यांचं तत्काळ एकमत झालं आणि कुणी हरकत घेतली नाही.

"ह्यांना मधल्या बोटाला शाई लावा," केंद्राध्यक्ष म्हणाले. "आणि मास्तरांना बाहेर बसवा."

मी बाहेर खिडकीखाली बसलो. आतून आवाज आला, "नाव?"

"जमनाबाई," अक्का म्हणाली. रांगेच्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या दोन बोटांवर दोन खुणा होत्या. ती माझ्याजवळ येऊन थांबली. मी माफी मागणार होतो, पण तिने आधीच विचारलं, "तुनं मत कवय शे?"

"चार दिवसांनी. साताऱ्याला."

"देशी ना?"

"म्हणजे काय, अक्का. देणारच."

"मंग कागद टाक," ती म्हणाली. मी पत्र टाकायचं वचन दिलं.

सातारा

आमच्या पेठेतल्या केंद्रावर मी सौ.बरोबर रांगेत उभा राहिलो. ती पुढे होती. ती आत गेली, बाहेर आली आणि कुणाला मत दिलं हे तिने मला आजतागायत सांगितलेलं नाही. मग मी गेलो. नाव सांगितलं, ते यादीत सापडलं. शाईवाल्या तरुणाने माझा डावा हात धरला आणि तसाच धरून ठेवला.

"हे काय?"

"बिब्बा. मी खानदेशात होतो, तिथे मतदानाचं..."

"मतदानाच्या दिवशी तिथे होता?"

"हो. केंद्रावरच होतो." हे मी केवढ्या उत्साहाने सांगितलं म्हणून सांगू.

त्याने केंद्राध्यक्षांना बोलावलं. मी बिब्ब्याची सगळी हकीकत पुन्हा सांगितली. ते सज्जन गृहस्थ होते, त्यांनी ती पुरती ऐकली. "बिब्बा मला ठाऊक आहे हो," ते म्हणाले. "पण शाई लपवायला वरून बिब्बा लावला नाही कशावरून? तुम्हीच म्हणता, तिकडच्या केंद्रावर होतात. तुमच्याबद्दल सांगणारं इथे कुणी आहे का?"

मी मागे पाहिलं. रांगेत आमच्या मंडळाचे दोन सभासद होते. एक जमिनीकडे पाहत होता, दुसरा घड्याळाकडे. माझा कबुलीजबाब खानदेशातल्या एका शाळेत राहिला होता. सौ. दारातून म्हणाली, "अहो, हे खरं बोलताहेत," पण बायकोची साक्ष कोण धरतो. मी बाहेर आलो. नागरिकशास्त्राच्या अठरा वर्षांच्या नोकरीत हुकलेलं माझं हे पहिलं मत.

अक्काला पत्र लिहायला मला आठ दिवस लागले. 'मत दिलं' एवढे दोन शब्द लिहून मोकळं होता आलं असतं. पण ज्या बाईला मी एकदा खोट्या यादीत बसवलं होतं, तिला दुसऱ्यांदा खोटं लिहिताना हात चालेना. शेवटी जसं घडलं तसं कार्डावर लिहिलं आणि टाकलं.

परवा उत्तर आलं. अक्षर गुरुजींचं, वर लिहिलं होतं, 'अक्का सांगतात ते शब्दशः लिहितो.' खाली एवढंच होतं:

"भाऊ, तुना कागद उना. वाईट वाटनं. इतला मोठा गावमा तुनाबद्दल सांगनारं एकबी मानूस नही का? पुढली खेपले मी येसू साताराले. मी बठ्ठासले सांगसू, हाऊ मानूस मना शे, बोटवर बिबा मीच लाया. नाव इचारं ते मोठाथीन सांगसू, जमनाबाई."